आयटीआय झाले, पण अनुभव कुठून आणायचा?

प्रश्न : मुलगा आयटीआय फिटर आहे. सगळीकडे अनुभव मागतात. एजंट कंपनीत ‘चिकटवून देतो’ म्हणून पैसे मागतोय. द्यावेत का?
– एक पालक, परभणी

उत्तर : एक रुपयाही देऊ नका. अनुभवाची अडचण ॲप्रेंटिसशिपने सुटते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना असे उमेदवार घ्यावेच लागतात, विद्यावेतनही द्यावे लागते. केंद्राच्या ॲप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी करा. राज्याच्या महास्वयमवरही नाव घाला. दोन्ही मोफत.

आधार आणि आयटीआय प्रमाणपत्रावरचे नाव अक्षरन् अक्षर जुळते का, ते आधी बघा. आणि हो, अर्जात मोबाइल नंबर मुलाचाच टाका, नेट कॅफेवाल्याचा नको. मुलाखतीचा मेसेज त्याच नंबरवर येतो.