एम. डी.चा अभ्यास आणि विंचवाचे विष

‘एम. डी. झालेले डॉक्टर जास्त काय शिकतात?’ असे रुग्ण नेहमी विचारतात. एम. बी. बी. एस. नंतरच्या या तीन वर्षांत डॉक्टर एकाच शाखेतील गंभीर रुग्ण रात्रंदिवस पाहतो आणि लक्षणांमागचे कारण शोधायला शिकतो.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर हे याचे उत्तम उदाहरण. १९७६ साली ते बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेव्हा कोकणात लाल विंचवाच्या दंशाने कितीतरी मुले दगावत. विषाने हृदयावर ताण येतो, फुफ्फुसांत पाणी साठते, हे त्यांनी टिपले. पण उपाय हाती नव्हता. पुढे पुण्यात एम. डी. करताना रक्तवाहिन्या सैल करून हृदयाचा भार हलका करणाऱ्या औषधांचा त्यांना अनुभव मिळाला. मात्र सलाईनमधून द्यायच्या औषधाला सतत देखरेख लागते. खेड्यात ते कसे जमावे? म्हणून त्यांनी त्याच तत्त्वावरची प्राझोसिनची गोळी वापरली. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी सुमारे ४० टक्के दगावत. ते प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

पदवीने दारावरची पाटी बदलते. शिकलेले ज्ञान गावच्या परिस्थितीत बसवले, तरच उपचार बदलतात.

वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे: विंचू चावल्यावर दरदरून घाम, उलट्या, गार हातपाय किंवा धाप दिसली, तर मंत्र-उताऱ्यात वेळ न घालवता रुग्णाला तडक दवाखान्यात न्यावे.