बसण्याचा नियम होता, उठण्याचा नव्हता



आजचं वाचन : महाभारत, सभापर्व. द्यूत आणि त्यानंतरचं अनुद्यूत.

पहिलं द्यूत आपल्या सगळ्यांना पाठ आहे. शकुनी, फासे, द्रौपदी, भरलेली सभा. कीर्तनात ऐकलंय, टीव्हीवर पाहिलंय. दुसऱ्या द्यूताचं मात्र अनेकांना नीट आठवत नाही. ‘मग पांडव वनवासाला गेले’ असं म्हणून आपण पुढे सरकतो. आज तिथेच थांबायचं आहे, कारण ‘खेळातून कधी उठायचं’ या प्रश्नाचं उत्तर पहिल्यापेक्षा दुसऱ्या द्यूतात जास्त स्पष्ट दिसतं.

आधी कथेचा क्रम बघू. युधिष्ठिर धन हरतो, राज्य हरतो, मग नकुल, सहदेव, अर्जुन, भीम, मग स्वतःला, आणि शेवटी द्रौपदीला. सभेत जे घडतं ते घडतं. धृतराष्ट्र घाबरतो आणि द्रौपदीला वर माग म्हणतो. ती पहिल्या वराने युधिष्ठिराला दास्यातून सोडवते, दुसऱ्याने बाकीच्या चौघांना. धृतराष्ट्र म्हणतो, आणखी एक माग. ती नको म्हणते. लोभ धर्माला बुडवतो, अशा अर्थाचं ती बोलते आणि थांबते. मग धृतराष्ट्र आपणहून हरलेलं सगळं परत करतो आणि पांडवांना इंद्रप्रस्थाला जायला सांगतो.

म्हणजे हिशोब शून्यावर आला. सगळी वसुली झाली! कुठल्याही जुगाऱ्याचं स्वप्न असतं ते हेच की गेलेलं सगळं परत मिळावं आणि मग उठावं. युधिष्ठिराला ते मिळालं. रथ निघाले. आणि वाटेतच मागून निरोप आला : पुन्हा एक डाव खेळायला या. तो परत फिरला. एकच डाव, पण पण असा की हरणाऱ्याने बारा वर्षं वनवास आणि एक वर्ष अज्ञातवास भोगायचा. तो डावही गेला.

इथे माझ्यासारख्या इंजिनिअर माणसाचं डोकं अडकतं. माणूस हरत होता तेव्हा उठला नाही, ते समजू शकतं. पण सगळं परत मिळाल्यावरही तो का बसला?

कथेतच उत्तर आहे. आव्हान आलं तर मागे फिरायचं नाही, हे त्याचं व्रत. शिवाय वडीलधाऱ्या धृतराष्ट्राची आज्ञा. म्हणजे युधिष्ठिराकडे नियम नव्हते असं नाही. बसण्याचा नियम होता, उठण्याचा नव्हता.

त्याच सभेत, त्याच दिवशी, उठण्याचा नियम एकाच व्यक्तीकडे होता. द्रौपदीकडे. सगळं तिच्या बाजूने चाललेलं असताना, समोरचा माणूस आणखी दे म्हणत असताना, ती ‘पुरे’ म्हणाली. आपण द्रौपदीचं दुःख सांगतो, तिचा संताप सांगतो. तिचं हे ‘पुरे’ सांगायचं राहून जातं.

आजच्या काळात हे कुठे येतं?

आपल्याकडे तळवडे, हिंजवडीच्या कंपन्यांमध्ये किंवा चाकणच्या शिफ्टच्या बसमध्ये गेली काही वर्षं मोबाईलवर रमी आणि पोकर चालायचं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि मोठ्या अ‍ॅपनी पैशांचे डाव बंद केले. चांगलं झालं. पण कायदा टेबल बंद करतो. माणसाला आतून उठवणं कायद्याच्या हातात नसतं. कुणाच्या फ्लॅटवर शुक्रवारची बैठक बसते, कुणी गोव्याला मांडवीतल्या कॅसिनो बोटीवर जातो.

माझ्या ओळखीतला एक जण पोकर खेळतो. हुशार आहे, गणित चांगलं आहे. तो मला म्हणाला, “अरे, मी काही वेडा नाही. गेलेले तेवढे निघाले की उठतो मी.”

मी म्हटलं, “आणि नाही निघाले तर?”

तो हसला. “निघतात रे. वेळ लागतो फक्त.”

हे वाक्य प्रोग्राममध्ये लिहून बघा. लूप कधी थांबेल? तोटा शून्य झाला की. म्हणजे तोटा शून्य होईपर्यंत लूप चालूच. आणि खिशातले पैसे संपले तर? ती अट लिहिलेलीच नाही. असा कोड रिव्ह्यूला आला तर कुठलाही सीनियर तो परत पाठवेल. थांबण्याची अट अशी हवी की ती कधी ना कधी खरी होणारच. घड्याळात अकरा वाजणारच. बाजूला काढलेले हजार रुपये संपले की संपणारच. ‘गेलेले परत येतील’ हे मात्र होईलच याची खात्री कुणीच देऊ शकत नाही.

‘हरलो की दुप्पट लावायचं, एकदा जिंकलो की सगळं निघतं’ हा हिशोबही सगळ्यांनी ऐकलेला असतो. शंभर रुपयांपासून सुरुवात करा. १००, २००, ४००, ८००... सलग दहा डाव गेले तर एकूण गेले १,०२,३०० रुपये. अकराव्या डावाला लावायचे १,०२,४००. आणि तो जिंकलात तर हातात निव्वळ फायदा किती? शंभर रुपये! नाण्याचा छापा-काटा असला तरी सलग दहा वेळा हरण्याची शक्यता १,०२४ मध्ये एक. वाटते छोटी, पण रोज बसणाऱ्याला ती एक दिवस गाठतेच.

आता पोकर खेळणाऱ्यांच्या बाजूचंही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पोकर हा निव्वळ नशिबाचा खेळ नाही, त्यात कसब आहे. आणि अनुभवी खेळाडू जे सांगतात ते बरोबर आहे : पत्त्यांना मागचा डाव आठवत नाही. तुम्ही तीन हजार हरलात म्हणून पुढचे पत्ते चांगले येत नाहीत, आणि वाईटही येत नाहीत. मग ठरावीक तोट्यावर उठण्याने काय साधतं? पत्ते बदलत नाहीत, हे खरं. पण माणूस बदललेला असतो. हरल्यावर चिडून, घाईने, एरवी टाकून दिले असते अशा पत्त्यांवर पैसे लावण्याला ते ‘टिल्ट’ म्हणतात. टिल्टची गंमत अशी की ज्याला तो झालेला असतो त्यालाच तो दिसत नाही. ज्या मनाने ‘आता उठावं का’ हे ठरवायचं, तेच मन बिघडलेलं असतं.

म्हणून उठण्याचा निर्णय बसण्याआधी घ्यावा लागतो. शांत डोक्याच्या माणसाने चिडलेल्या माणसासाठी घेतलेला निर्णय असतो तो. दोघंही आपणच.

हे नवीन नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात चौतिसावं सूक्त एका जुगाऱ्याचं आहे. तेव्हा फासे म्हणून बेहड्याची फळं वापरत. तो माणूस मनाशी ठरवतो, आज जायचं नाही. पण फाशांचा आवाज कानावर पडतो आणि पाय तिकडे वळतात. घरात बायको दुरावली आहे, सासू तोंड बघत नाही. शेवटी त्याला सांगितलं जातं : फासे सोड, शेत कर, आहे त्यात समाधान मान. अगदी साधा सल्ला. त्या माणसाला कळत नव्हतं असं नाही. ठरवलेलं टेबलाजवळ गेल्यावर टिकत नव्हतं.

नळाने ओढलेली रेघ

पुढे वनपर्वात युधिष्ठिर काम्यकवनात बसून म्हणतो, माझ्याइतका दुर्दैवी कोणी आहे का? तेव्हा बृहदश्व ऋषी त्याला नळाची गोष्ट सांगतात. नळही भावाशी, पुष्कराशी, द्यूत खेळला आणि सगळं हरला. दागिने गेले, राज्य गेलं. पुष्कर म्हणाला, आता दमयंतीला लाव. नळ संतापला, पण बोलला नाही. अंगावरचे अलंकार उतरवले आणि एका वस्त्रानिशी चालता झाला.

नळाला संत करायची घाई नको. काही वर्षांनी अक्षविद्या शिकून तो परत खेळायला बसला, तेव्हा दमयंतीसकट सगळं त्याने पणाला लावलं होतं. जिंकला, राज्य मिळालं. पण त्या पहिल्या द्यूतात, कलीने पछाडलेलं असतानाही, त्याच्या मनात एक रेघ होती आणि त्या रेघेने त्याला उठवलं. युधिष्ठिराच्या मनात ती रेघ नव्हती. भाऊही लावले गेले, पत्नीही लावली गेली.

टेबलावर ठेवलेले पैसे कुणाचे आहेत, हा प्रश्न म्हणून सगळ्यात आधी येतो. मुलांच्या शाळेच्या फीचे? आईच्या औषधांचे? घराच्या हप्त्याचे? ते पैसे टेबलावर आले त्या क्षणी खेळ संपलेला असतो, पत्ते कितीही चांगले असोत.

आणि आपले तुकोबा

देहूत राहून हा विषय इंद्रायणीपाशी आल्याशिवाय राहत नाही. इंद्रायणीत कागद बुडण्याच्या दोन गोष्टी परंपरा सांगते. एक गाथेची, ती सगळ्यांना माहीत आहे. दुसरी त्याआधीची, खतांची.

तुकोबांचं घर महाजनकीचं. लोकांना दिलेल्या कर्जाची खतं घरात होती. १६३० च्या सुमाराच्या मोठ्या दुष्काळात पहिली पत्नी गेली, मुलगा गेला, व्यापार बसला. अशा माणसाला येणं वसूल करायचा किती हक्क होता! ते जुगारात हरलेले पैसे नव्हते, हक्काचं येणं होतं. भामचंद्र डोंगरावरून कान्होबांनी त्यांना शोधून आणल्यावर तुकोबांनी खतांच्या दोन वाटण्या केल्या. धाकट्या भावाची वाटणी भावाच्या हातात दिली. आपली वाटणी इंद्रायणीत सोडली.

यातला क्रम बघा. आधी भावाचा हिस्सा बाजूला काढला. मग स्वतःचं सोडलं. युधिष्ठिराने भाऊ पणाला लावले. तुकोबांनी वैराग्याच्या भरातसुद्धा भावाच्या कागदाला हात लावला नाही. वैराग्य माझं आहे, त्याची किंमत भावाने का मोजायची? एवढा हिशोब त्या माणसाकडे होता.

आणि गाथा पाण्यावर आली असं आपण मानतो. खतं वर आली नाहीत. तुकोबांनी ती शोधलीही नाहीत.

मला वाटतं, उठण्याची खरी अडचण पैशात नसते, ती ‘माझं येणं आहे’ या भावनेत असते. टेबल मला देणं लागतं, नशीब मला देणं लागतं. गेलेला पैसा मनात खत होऊन बसतो आणि आपण त्याच्या वसुलीला रोज रात्री जातो. पण त्या खतावर कुणाचीच सही नाही. पत्ते आपलं काही देणं लागत नाहीत. ज्या दिवशी हे खत मनातल्या मनात इंद्रायणीत सोडलं, त्या दिवशी हिशोब शून्य होतो. तोटा भरून निघालेला नसतो. आपण येणं मागायचं थांबवलेलं असतं.

हे फक्त पत्त्यांचं नाही, मंडळी. पडलेल्या शेअरमध्ये ‘ॲव्हरेज’ करत राहणं, रात्री दोनपर्यंत चाललेला वाद, भावकीतलं वर्षानुवर्षांचं कोर्ट. ‘एकदा बरोबरी झाली की थांबतो’ असं आपण सगळीकडे म्हणतो.

आजचा अभ्यास

१. बसण्याआधी उठण्याची वेळ आणि रक्कम कागदावर लिहा आणि घरच्या माणसाला सांगा. बसल्यावर ती बदलायची नाही, जिंकत असलात तरी.

२. ‘हे कधीच लावणार नाही’ अशी रेघ आज ओढा. त्यात दुसऱ्याचा हिस्सा पहिला.

३. उधारीवर पुढचा डाव नाही. उसने मागावेसे वाटले की तेच उठण्याचं लक्षण.

४. ठरवूनही उठता येत नसेल, पुन्हा पुन्हा तेच होत असेल, तर तो इच्छाशक्तीचा प्रश्न राहिलेला नाही. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, त्यावर बोला. घरात कुणी असं असेल तर त्याला टोमणे मारण्यापेक्षा त्याच्या शेजारी बसून तो फोन लावून द्या.

माझा तो मित्र अजून खेळतो. मागच्या आठवड्यात त्याला द्रौपदीच्या न मागितलेल्या तिसऱ्या वराचं सांगितलं. तो गप्प बसला, मग म्हणाला, “हे कुणी सांगितलंच नव्हतं.” बघू.

प्रार्थना : पांडुरंगा, मागायला शिकवलंस तसं ‘पुरे’ म्हणायलाही शिकव. आणि जे माझं एकट्याचं नाही, ते माझ्या हातून पणाला लागू देऊ नकोस.

उद्याचं वाचन : वनपर्वाचा आरंभ.

राम कृष्ण हरी.