दुसरी प्रत

1931 साली मुंबईत ‘आलम आरा’ हा भारताचा पहिला बोलपट झळकला. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही.

इंटरनेटवरील चित्रफितीही अशाच नाहीशा होऊ शकतात. ‘गूगल व्हिडिओ’ या सेवेवर असंख्य लोकांनी आपल्या चित्रफिती ठेविल्या होत्या. एप्रिल 2011 मध्ये कंपनीने ती सेवा बंद करण्याचे जाहीर केले आणि सर्वांची तारांबळ उडाली. ‘आर्काइव्ह टीम’च्या स्वयंसेवकांनी शक्य तितक्या चित्रफिती उतरवून घेतल्या. पुढे कंपनीनेही उरलेल्या चित्रफिती यूट्यूबवर हलविण्याचे मान्य केले. परंतु असे सुदैव प्रत्येक वेळी लाभत नाही.

शहाणा शेतकरी सगळे बियाणे एकाच कणगीत ठेवीत नाही. तद्वत चित्रफितीची एक प्रत घरच्या संगणकावर व दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर असावी. परक्या कोठारावर विसंबणाऱ्याचा ठेवा त्या कोठाराबरोबरच जातो.