आवाजाचं पोट

"सर, याची मांगची फळी कुठी हाय?" सुतार मिस्त्रींनी विचारलं. प्लायला दोन गोल भोकं पाडून झाली होती, बारा इंची स्पीकर त्यात बसवायचे होते, आणि मिस्त्री पेटीच्या उरलेल्या बाजू शोधत होते.

"मागची फळी नसतेच," मी ऐटीत सांगितलं. "याला ओपन बॅफल म्हणतात. पाठ उघडीच ठेवायची."

मिस्त्री हसले. "मंग पैसे वाचले म्हना."

पैसे वाचले नाहीत. पहिल्या खेपेला माझे 9,200 रुपये गेले आणि हाती आला तो पत्र्याच्या डब्यासारखा आवाज. आठ महिन्यांनी दुसरी जोडी त्याहून कमी पैशांत झाली आणि ती आजही माझ्या खोलीत वाजते. मधल्या आठ महिन्यांत जे शिकलो ते लिहून ठेवतो, म्हणजे दुसऱ्या कोणाचे नऊ हजार तरी वाचतील.

हे खूळ डोक्यात आलं ते वडिलांच्या रेडिओमुळे. तेल्हारा तालुक्यातलं आमचं हिवरखेड सातपुड्याच्या पायथ्याशी. अकोला–खांडवा मीटरगेज गाडी गावावरून जायची त्या काळात वडिलांनी व्हॉल्व्हचा रेडिओ घेतला होता. नागपूर आकाशवाणी लागली की ओसरी माणसांनी भरायची. त्या सेटमधून निघालेला माणसाचा आवाज माणसाचाच वाटायचा. निवृत्तीनंतर मी एकदा सेट साफ करायला काढला, तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं: मागे फक्त भोकाभोकांचा पुठ्ठा. म्हणजे पाठ उघडीच. जगभरच्या बहुतेक व्हॉल्व्ह-रेडिओंची रचना अशीच असायची. 1925 साली जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग यांनी आजच्या कोनाच्या स्पीकरचं रूप पक्कं केलं, तेव्हा त्यांनीही स्पीकरभोवती फळी लावली होती. म्हटलं, शंभर वर्षांची जुनी युक्ती आहे, पेटीचा खर्च नाही, आपल्याला का जमणार नाही?

ती फळी कशासाठी असते, हे मात्र मी समजून घेतलं नाही. स्पीकरचा कोन पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. पुढची लाट आणि मागची लाट एकमेकींच्या नेमक्या उलट. दोघी भेटल्या की एकमेकींना खाऊन टाकतात. फळी म्हणजे दोन वावरांमधला धुरा. धुरा आखूड असला की पाणी वळसा घालून पलीकडे जातंच. बारीक आवाजाची लाट लहान, ती फळीला अडते. जाड आवाजाची लाट लांब: 50 हर्ट्झची जवळपास सात मीटर. दीड फुटाच्या फळीला ती काय जुमानणार?

माझी फळी 45 सेंटिमीटर रुंद आणि 90 उंच होती. एवढ्या फळीवर साधारण 250 हर्ट्झच्या खाली आवाज उतरू लागतो आणि दर सप्तकाला 6 डेसिबलने उतरत जातो. 60 हर्ट्झला पोचेपर्यंत 12 डेसिबल गेलेले असतात. ती भर काढायची तर अॅम्प्लिफायरला सोळापट ताकद लावावी लागते आणि कोनाला चौपट लांब उडी मारावी लागते. हा हिशोब मी पैसे खर्च केल्यावर मांडला. तो आधी मांडायचा असतो.

पहिली चूक दुकानातच झाली. शहरातल्या एका दुकानात मी स्पीकर हातात तोलून पाहिले आणि सगळ्यांत जड मॅग्नेटची जोडी उचलली. वर वॅटचा मोठा आकडा छापलेला होता. 3,400 रुपयांना एक. घरी आणून फळीवर चढवले, वर ट्विटर लावले, आणि पहिलंच भजन लावलं. मिस्त्री हात पुसत ऐकत होते. म्हणाले, "आवाज तं येते सर, पण पोट रिकामं हाय."

पोट रिकामं. त्या दोन शब्दांत सगळं आलं. टाळ ऐकू येत होते, शब्द स्पष्ट होते, पण मृदंगाचा डावा हात जणू गावाला गेला होता.

दुसरी चूक त्या रागातून झाली. मी बासचं बटण शेवटपर्यंत पिळलं. कोन थरथरले, थोडा बास आलाही, आणि तिसऱ्या दिवशी उजव्या स्पीकरमधून खरखर सुरू झाली. व्हॉइस कॉइल तापून घासू लागली होती. पेटीत बंद हवा कोनाला उशीसारखी आवरते. उघड्या फळीवर ती उशी नसते, कोन आपल्या मर्यादेबाहेर सहज जातो. रिकोनिंगला 700 रुपये पडले.

तिसरी चूक घरातल्या जागेची. खोली दहा बाय चौदाची. अडचण नको म्हणून फळ्या भिंतीला टेकवल्या होत्या. मागे जो आवाज जातो तोही पुढच्याइतकाच असतो. भिंतीवरून तो लगेच परत आला की गायकाचे शब्द पाटावर सांडलेल्या दुधासारखे पसरतात.

चौथी चूक मी मोजलीच नव्हती. पावसाळ्यात उंदरांनी मागून येऊन डाव्या स्पीकरचा कागदी कोन कुरतडला. आमची सौ. म्हणाली, "अहो, रेडिओला मागं पुठ्ठा कशाला असते, ते आता समजलं ना?"

कुरतडलेला स्पीकर घेऊन मी अकोटला एका जुन्या रेडिओ मेकॅनिककडे गेलो. त्यांनी मॅग्नेट पाहिलं, दोन्ही अंगठ्यांनी कोन हळूच दाबून सोडला, आणि मान हलवली. "बैल चांगला हाय सर, पण कासरा आखूड हाय. मॅग्नेट लय जबर. थो कोनाले मोकया सोडतच नाही." मग कोपऱ्यातून एक हलका, छोट्या मॅग्नेटचा बारा इंची काढला, पुठ्ठ्याच्या खोक्याला भोक पाडून त्यावर ठेवला आणि वाजवला. पुठ्ठ्यावरसुद्धा माझ्या प्लायपेक्षा जास्त पोट होतं.

कासरा हा शब्द मी पुढे बराच काळ घोळवला, कारण शास्त्रातही तेच आहे. नेव्हिल थील यांनी 1961 मध्ये आणि पुढे सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी स्पीकरचे गुणधर्म आकड्यांत बसवले. त्यातला आपल्या कामाचा आकडा म्हणजे क्यूटीएस. मॅग्नेट जबर असला की कोनाला लगाम बसतो आणि क्यूटीएस कमी होतो. पेटीसाठी 0.3–0.4 चा स्पीकर उत्तम, कारण पेटी स्वतःच बास वाढवते. उघड्या फळीवर मात्र 0.35 चा स्पीकर आपल्या मूळ कंपनाला आधीच 9 डेसिबल खाली असतो. त्यात फळीचे 12 मिळवा. एकवीस डेसिबल गेल्यावर पोट रिकामंच राहणार. फळीला 0.7 ते 1 चा, मोकळ्या कोनाचा स्पीकर लागतो, आणि तो बहुधा स्वस्त असतो. मी महाग वस्तू चुकीच्या जागी बसवली होती.

स्वस्त स्पीकरवर हा आकडा छापलेला नसतो, पण घरी मोजता येतो. लागतं काय? मोबाइलमधला टोन जनरेटर, छोटा अॅम्प्लिफायर, 1,000 ओहमचा एक रेझिस्टर आणि एसी मिलिव्होल्ट दाखवणारा मीटर. रेझिस्टर स्पीकरच्या एका तारेत ओळीने जोडा, स्पीकर हवेत मोकळा धरा आणि मीटर स्पीकरच्या दोन टोकांना लावा. आधी स्पीकरऐवजी 10 ओहमचा रेझिस्टर लावून मीटर किती दाखवतो ते लिहून ठेवा, म्हणजे पुढचे आकडे ओहममध्ये वाचता येतात. मग 20 हर्ट्झपासून टोन वर नेत जा.

माझ्या दुसऱ्या जोडीचे आकडे असे आले: साधा डीसी रोध 6 ओहम. 54 हर्ट्झला मीटर सगळ्यांत वर गेला, तिथे 54 ओहम. म्हणजे नऊपट, आणि नवाचं वर्गमूळ तीन. आता 6 गुणिले 3, म्हणजे 18 ओहम कुठे-कुठे मिळतात ते शोधलं: 43 आणि 67 हर्ट्झला. दोन्हींतला फरक 24. मग 24 गुणिले 3, म्हणजे 72, आणि 54 भागिले 72. उत्तर 0.75. जुन्या जड जोडीतल्या धडक्या स्पीकरवर हेच केलं तेव्हा 0.36 आलं. अर्ध्या तासाचं काम. आठ महिने आधी केलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता.

दुसरी जोडी अशी बांधली. फळी त्याच मापाची, पण 19 मिलिमीटर प्लायची आणि मागून दोन आडव्या पट्ट्या मारलेली. पातळ फळी स्वतःच वाजते. इंग्लंडमधल्या व्हार्फडेल कंपनीचे गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी याच कारणासाठी दोन प्लायमध्ये वाळू भरली होती. फळीची खालची कड जमिनीला टेकवली, म्हणजे खालून वळसा बंद. खाली बारा इंची वूफर, वर चार इंची फुल-रेंज स्पीकर.

खरी गंमत कॉइलची. आठ ओहमच्या वूफरला ओळीने 5 मिलिहेन्रीची कॉइल लावली की ती 250 हर्ट्झच्या वर आवाज सप्तकाला 6 डेसिबलने उतरवते. वूफरचा वरचा आवाज कॉइल कापते, म्हणून तो फक्त जाड आवाजाच्या कामाला उरतो. बासचं बटण मला पुन्हा पिळावं लागलं नाही. बाजारात एवढी कॉइल महाग पडते. आमच्याकडे शेतीच्या मोटारी रिवाइंड करणारी दुकानं आहेत, तिथेच गुंडाळून घेतली: 18 गेजची तार, तीनशेच्या आसपास वेढे, एका कॉइलला पाऊण किलोच्या आसपास तांबं. मध्ये लोखंड टाकू देऊ नका, गाभा पोकळच ठेवायला सांगा. फुल-रेंजला 80 मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर लावला, म्हणजे जाड आवाज त्याच्या वाट्याला जात नाही.

वहीतला हिशोब: वूफर 3,400, फुल-रेंज 1,200, कॉइल 1,800, कपॅसिटर 200, प्लाय आणि मजुरी 1,700. एकूण 8,300. अॅम्प्लिफायर दोन्ही वेळी तोच, टीपीए 3116 चा बोर्ड आणि 24 व्होल्टचा तयार अॅडॉप्टर. नवख्याने 230 व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरच्या वाटेला जाऊच नये. या बोर्डाच्या दोन चॅनलच्या उणे तारा मात्र एकमेकींना जोडू नका, बोर्ड जळतो.

आता थोडं क्रमाने, कारण क्रम चुकला की पैसे जातात.

आधी स्पीकर मोजा किंवा निदान पुठ्ठ्यावर ऐका, मग लाकूड कापा. मॅग्नेटचं वजन आणि छापलेले वॅट पाहून खरेदी करू नका. दोन्ही वूफरना दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून पाहा. कोन बाहेर येतो तेव्हा सेलचं धन टोक ज्या तारेला लागलेलं असेल ती धन बाजू. एक उलटा लागला तर बास नाहीसा होतो आणि माणूस विनाकारण स्पीकरला शिव्या देतो.

फळी मागच्या भिंतीपासून किमान तीन फूट पुढे ठेवा. बाजूच्या भिंतीची तेवढी काळजी नको, कारण पुढची-मागची लाट बाजूला एकमेकींना मारते. फळीच्या अगदी कडेला उभं राहून पाहा, आवाज पातळ होतो. शेजारच्या खोलीत झोपलेल्याला याचा फायदा. पाठीला बारीक तारेची जाळी ताणून लावा. उंदीर अडतो, आवाज अडत नाही.

आणि अपेक्षा आधी ठरवा. ही फळी माणसाचा आवाज, तानपुरा, खंजिरी, टाळ असा ऐकवते की भिंत आहे हे विसरायला होतं. पेटीचा घुमारा त्यात नाही. पण 50 हर्ट्झच्या खाली ती नेत नाही, आणि नेण्याचा हट्ट केला की व्हॉइस कॉइल जळते.

दुसरी जोडी लागली तेव्हा मी मिस्त्रींना मुद्दाम बोलावलं. तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनाची धून लावली. ते भिंतीला टेकून पूर्ण ऐकत बसले.

"काय म्हणता मिस्त्री? पोट?"

"जेवला बॉ," ते म्हणाले. "पन तट्ट नाही जेवला."

यापेक्षा प्रामाणिक मोजमाप माझ्या मीटरनेही दिलं नव्हतं. निघताना दारात थांबून त्यांनी विचारलं, "पोरीच्या लग्नात मांडवात लावता येईन काय?"

"नाही. तिथे पेट्याच लागतील."

"अन् भजनाले?"

"भजनाला चालेल. आणून ठेवतो."