तेलाच्या डागावर एन्झाइमचा उतारा

शर्टावर फोडणीचं तेल उडालं की आपण आधी कढत पाणी घेतो. एन्झाइम असलेल्या धुण्याच्या पावडरीला नेमकं तेच मारक आहे. या पावडरीतलं लायपेज हे एन्झाइम तेलाचे रेणू तोडतं आणि मग डाग पाण्याबरोबर सुटतो. उकळत्या पाण्यात लायपेज निकामी होतं. डेन्मार्कच्या नोव्हो कंपनीने १९८८ मध्ये बाजारात आणलेलं लायपेज ज्या बुरशीकडून करून घेतलं, तीच बुरशी जपानात सोया सॉससाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरतात.

पाकिटावर 'एन्झाइम' किंवा 'लायपेज' लिहिलंय का, ते आधी पाहा. डाग ताजा असेल तर चोळू नका. जुन्या सुती फडक्याने तेल टिपून घ्या. चमचाभर पावडर कोमट पाण्यात कालवून डागावर दोन्ही बाजूंनी लावा आणि पंधरा मिनिटं राहू द्या. लेप सुकू देऊ नका.

मग अर्धी बादली कोमट पाणी घ्या. हात घातला तर सुखद वाटेल, इतकंच गरम. साधारण ३० ते ४० अंश. पाकिटावर दिलेल्या मापाने पावडर विरघळवा आणि कपडा तासभर भिजत ठेवा. खोबरेल मुरलेल्या उशीच्या अभ्र्याला दोन तास द्या. क्लोरीनचं ब्लीच यात मुळीच घालू नका, एन्झाइम जागीच निकामी होतं.

नेहमीसारखं धुऊन, खळबळून वाळत घाला. ओल्या कपड्यात तेल दिसत नाही, म्हणून वाळल्यावरच पारख करा: डागाच्या जागी पाण्याचा एक थेंब सोडा. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर तेल अजून आहे, चटकन शोषला गेला तर गेलं. उरलं असेल तर पुन्हा धुवा, पण तोवर इस्त्री फिरवू नका. दुसऱ्या धुण्यात बरेचदा डाग निघतो, कारण धाग्यांत राहिलेलं लायपेज कपडा दमट असताना, वाळता वाळताही काम करत असतं.

हळदीचा पिवळा रंग मागे राहील. तो लायपेजचा प्रांत नाही. त्याला ऊन दाखवा. गाडीचं इंजिन ऑइल आणि ग्रीसही लायपेजला तुटत नाही, कारण ते खनिज तेल.

रेशीम आणि लोकर मात्र या बादलीत कधीही टाकू नका. अशा पावडरींत प्रथिनं तोडणारं एन्झाइमही बहुतेक असतंच, आणि रेशमाचा धागा प्रथिनाचाच. पैठणीवर तेल सांडलं तर ती ड्रायक्लीनिंगलाच द्या.