कानाच्या मशिनला कोणता सुटा भाग चालतो?

प्रश्न : वडिलांना शिबिरात कानामागे लावायचं मशीन मिळालं. त्याला निळ्या स्टिकरचा सेल लागतो. आता नळी पिवळी आणि कडक झालीय, सारखी शिट्टी वाजते. आमच्या गावात सेल मिळत नाही, दुकानदार घड्याळाचा सेल देतो आणि तो बसतोही. शेजारचे एक काका वारले, त्यांचं मशीन घरात पडून आहे. त्याची नळी, साचा काढून वडिलांच्या मशिनला लावता येईल का? मोबाईलवर ‘सर्व मशिनला चालणारे’ सुटे भाग दिसतात, ते मागवावेत का? – एक वाचक, ता. केज, जि. बीड

उत्तर : आधी सेलचं सांगतो, कारण वडील तो आजही वापरत असतील.

निळं स्टिकर म्हणजे ६७५ नंबरचा सेल. घड्याळ-खेळण्यांत लागणारा एलआर ४४ हा मापाने अगदी त्याच्यासारखा असतो : व्यास ११.६ मिलिमीटर, जाडी ५.४ मिलिमीटर. म्हणून तो कप्प्यात बसतो आणि मशीन सुरूही होतं. पण त्यात साठवलेली वीज ६७५ च्या जेमतेम चौथ्या हिश्श्याइतकी असते आणि वापरू लागल्यापासून त्याचा दाब उतरत जातो. आवाज हळूहळू बारीक होतो, फाटतो. वडिलांना वाटतं, कान आणखी गेला. घरच्यांना वाटतं, मशीन खराब झालं. बिघाड असतो सेलचा. तेव्हा हा सेल लावू नका.

मशिनचा सेल झिंक-एअर जातीचा असतो. त्याच्या पोटात जस्त असतं आणि लागणारा प्राणवायू तो बाहेरच्या हवेतून घेतो, म्हणूनच एवढ्याशा गोळीत इतकी ताकद मावते. स्टिकर हे त्या हवेच्या भोकांचं झाकण आहे. ते काढलं की मिनिटभर सेल तसाच ठेवा, हवा आत जाऊ द्या, मग कप्प्यात घाला. काही जण रात्री स्टिकर परत चिकटवतात. एकदा सुरू झालेला सेल त्याने थांबत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, हवा ठणठणीत कोरडी असते. अशा हवेत उघडलेल्या सेलमधला ओलावा लवकर सुकतो आणि वापर कमी असला तरी सेल संपतो. म्हणून लागेल तेवढा एकच उघडा. बाकीचे पत्र्यापासून आणि उन्हापासून दूर, घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवा. फ्रिजमध्ये मात्र नको, तिथे त्यांच्यावर पाणी धरतं.

स्टिकरचे रंग सगळ्या कंपन्यांनी एकच ठेवलेत, ही मोठी सोय आहे. पिवळा १०, तपकिरी ३१२, नारिंगी १३, निळा ६७५. घोटाळा होतो तो ३१२ आणि १३ मध्ये. दोघांचा व्यास ७.९ मिलिमीटर, पण जाडी ३.६ आणि ५.४. जाड सेल पातळ कप्प्यात दाबला की कप्प्याचं दार मोडतं, आणि ते दार त्याच मॉडेलचं शोधावं लागतं. सेल एका पट्टीवर सहा येतात. बीडला किंवा अंबाजोगाईला कोणी जाणार असेल तर त्याच्याकडून दोन-तीन पट्ट्या मागवा आणि पट्टीवरची मुदत बघायला सांगा.

आता नळी. तुमचा खर्च वाचणार असेल तर इथेच. कानामागच्या मशिनची जाड नळी ही बहुतेक सगळ्या कंपन्यांना चालणारी वस्तू आहे. तिला १३ नंबरची नळी म्हणतात. या तेराचा सेलच्या तेराशी काही संबंध नाही. घाम आणि उष्णतेने ती काही महिन्यांत कडक होते, चिरते, आणि चिरेतून आवाज बाहेर पडतो. ६७५ सेलची मशिनं बहुधा जास्त ताकदीची असतात, त्यांना त्याच मापाची पण जाड भिंतीची नळी मागा. पातळ नळीच्या भिंतीतूनच आवाज झिरपतो आणि शिट्टी येते. काकांच्या मशिनची जुनी नळी लावू नका. तीही तितकीच कडक झालेली असणार, आणि लांबी त्यांच्या कानाची असणार. लांबी चुकली की साचा कानातून ओढला जातो. नळी जिथून मशिनला जोडते तो कानावरचा हूक मात्र प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. कुठे आटे, कुठे नुसता दाबून बसवायचा. तो मॉडेल दाखवूनच घ्यावा.

काकांचा साचा? अजिबात नाही. साचा म्हणजे त्या माणसाच्या कानाचं माप घेऊन ओतलेला ठसा. दुसऱ्याच्या कानात तो कुठे घट्ट, कुठे सैल बसतो. घट्ट जागी फोड येतो, सैल जागेतून आवाज निसटून मशिनच्या माइकमध्ये परत शिरतो आणि पुन्हा मोठा होऊन निघतो. तुम्हाला ऐकू येणारी शिट्टी ती हीच. कान वाहत असेल तर संसर्गाची भीती वेगळी. शिट्टीचं आणखी एक कारण कानात साठलेला मळ. म्हणून नवी नळी, नवा साचा घेण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून कान तपासून घ्या. बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात जाता येईल.

काकांचं मशीन टाकूनही देऊ नका. ते त्यांच्या कानाच्या तपासणीप्रमाणे बसवलेलं आहे. तसंच वडिलांना लावलं तर आवाज फार मोठा येऊन उरलेल्या श्रवणशक्तीला इजा होऊ शकते. पण ते डिजिटल असेल आणि वडिलांना पुरेल इतक्या ताकदीचं असेल, तर ऑडिओलॉजिस्ट ते संगणकाला जोडून वडिलांच्या कानाप्रमाणे पुन्हा बसवू शकतो. बरोबर घेऊन जा. माणूस भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेला आहे ना, हे विचारायला संकोच करू नका.

मोबाईलवरच्या भागांबद्दल : रिकामी नळी, साचा धुवायचा फुगा, मशीन रात्री ठेवायची सिलिका जेलची डबी, हे खुशाल घ्या. डबीत ठेवताना सेल तेवढा काढून बाहेर ठेवा. कानात बारीक तारेवर स्पीकर असलेली नवी मशिनं असतात, त्यांचा स्पीकर म्हणजे रिसीव्हर ‘सर्वांना चालणारा’ नसतो. त्याचा जोड कंपनीचा, ताकद मॉडेलप्रमाणे, लांबी कानाप्रमाणे, आणि बाजूही ठरलेली : लाल खूण उजव्या कानाची, निळी डाव्या. जास्त ताकदीचा रिसीव्हर नुसता खोचून भागत नाही, मशिनची सेटिंगही बदलावी लागते. त्याच्या टोकाची रबरी टोपी चुकीच्या कंपनीची असली तर कानातच सुटून राहते आणि काढायला डॉक्टर लागतो. मळ अडवणाऱ्या जाळ्या, चार्जर, टीव्हीला जोडायचं उपकरण, हे सगळं कंपनीचं आणि मॉडेलचं नाव जुळवूनच.

पैशांची अडचण असेल तर तपासा : राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र ज्येष्ठांना सहाय्यक साधनांसाठी ३,००० रुपये थेट खात्यात मिळतात आणि श्रवणयंत्र त्या साधनांत आहे.

प्रश्न : माझ्या वर्गातल्या एका मुलाला मशीन आहे. आईवडील ऊसतोडीला जाताना त्याला बरोबर नेतात. परत येतो तेव्हा मशीन बंद असतं. बरोबर काय द्यावं? – एक शिक्षिका, ता. पाटोदा

उत्तर : बाई, सुट्या भागांइतकंच मुलाच्या वाढत्या कानाकडे बघा. लहान मुलाचा कान झपाट्याने मोठा होतो, काही महिन्यांत साचा सैल पडतो, शिट्टी येऊ लागते आणि घरचे कंटाळून मशीन काढून ठेवतात. म्हणून हंगामाला निघण्याआधी नवा साचा आणि नवी नळी करून घ्यावी. बरोबर पुरेसे सेल आणि सिलिका जेलची डबी द्या. फडातला घाम आणि पहाटेचं दव मशिनला सोसत नाही. मुलाला कॉक्लिअर इम्प्लांट असेल आणि त्याला ६७५ सेल लागत असेल, तर पट्टीवर ‘इम्प्लांट’ असं छापलेलाच घ्यावा. त्याला वीज जास्त लागते, साधा निळा सेल तिथे पुरत नाही.

आईला एक गोष्ट आवर्जून सांगा. सेल मुलाने किंवा धाकट्या भावंडाने गिळला, नाकात घातला तर घरी थांबून वाट बघायची नाही, त्याच घटकेला दवाखाना गाठायचा. आणि मशिनची कंपनी, मॉडेल, सेलचा नंबर, कोणता कान, हे एका कागदावर लिहून टोळी निघण्याआधी तिच्या हाती द्या. कारखाना सांगलीचा असो की कोल्हापूरचा, त्या कागदावर तिथल्या दुकानात बरोबर भाग मिळेल.