नवी सुविधा सांभाळणार कोण?

ज्या सॉफ्टवेअरचा कोड कोणालाही वाचता, बदलता आणि इतरांना देता येतो, त्याला मुक्त स्रोत सॉफ्टवेअर म्हणतात. लिनक्स हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. १९९१ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने ते सुरू केले. आपल्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशीही लिनक्सच आहे.

इथे कोणीही बदल सुचवू शकतो, मग गोंधळ का होत नाही? कारण मागण्याची मुभा सर्वांना असली, तरी प्रत्येक मागणी मान्य होत नाही.

ज्याला नवी सुविधा हवी, त्याने शक्यतो स्वतः कोड लिहून पाठवायचा. या बदलाला ‘पॅच’ म्हणतात. लिनक्सच्या बहुतेक विभागांना एक किंवा अधिक मेंटेनर, म्हणजे राखणदार असतात. ते पॅच तपासतात, प्रश्न विचारतात आणि अनेकदा दुरुस्तीसाठी परत पाठवतात. पसंत पडलेला पॅच पायरीपायरीने टॉरव्हाल्ड्सपर्यंत पोहोचतो. लिहिणारा आणि पुढे पाठवणारा, दोघेही त्यावर आपले नाव नोंदवतात. म्हणजे जबाबदारी निनावी राहत नाही.

वेळेचीही शिस्त आहे. नव्या सुविधा साधारण दोन आठवडेच घेतल्या जातात. पुढचे सहा-सात आठवडे फक्त चुका दुरुस्त होतात. आधी नीट चालणारे प्रोग्राम नव्या बदलाने बंद पडता कामा नयेत, हा पक्का नियम आहे.

एवढी काटेकोर तपासणी कशाला? ‘ओपनएसएसएल’ या दुसऱ्या मुक्त प्रकल्पाचे उदाहरण पाहा. इंटरनेटवरील माहिती सुरक्षित ठेवणाऱ्या या सॉफ्टवेअरमध्ये २०१२ साली एक छोटी सुविधा आली : समोरचा संगणक जोडलेला आहे का, हे पाहण्याची. आलेल्या संदेशाची सांगितलेली लांबी खरी आहे का, हे मात्र कोडमध्ये तपासलेच नव्हते. खोटी लांबी सांगून सर्व्हरच्या मेमरीतील पासवर्डसुद्धा चोरता येत होते. ‘हार्टब्लीड’ नावाची ही चूक एप्रिल २०१४ मध्ये उघड झाली. तो कोड स्वीकारण्यापूर्वी तपासला गेला होता, तरीही चूक नजरेतून सुटली.

सुविधा मागायला एक मिनिट लागतो. ती सांभाळावी लागते वर्षानुवर्षे. म्हणून मेंटेनर ‘नको’ म्हणाला, तर तो मागणाऱ्याचा अपमान नसतो. पहाऱ्यावरचा जवान ओळखीच्या माणसाचेही ओळखपत्र पाहतो, तसेच हे आहे.